कोच दिला म्हणजे माझं काही चुकलं का?

एक्झिक्युटिव्ह कोचिंग म्हणजे अधिकाऱ्याच्या वागण्यात किंवा निर्णय घेण्यात ठरवलेला बदल व्हावा म्हणून कोचसोबत ठरावीक काळ होणाऱ्या भेटी. त्याविषयी वाचकांकडून आलेल्या पत्रांमध्ये काही समज पुन्हा पुन्हा दिसले. काही पत्रं कोच मिळालेल्या अधिकाऱ्यांची आहेत, काही कोच नेमणाऱ्यांची. निवडक प्रश्न थोडे आटोपशीर करून उत्तरांसह देत आहोत.

प्रश्न : नुकतीच माझी विभागप्रमुख म्हणून बढती झाली. पाठोपाठ एचआरने कळवलं की पुढचे सहा महिने तुम्हाला कोच दिला जाईल. सहकाऱ्यांत कुजबूज सुरू झाली आहे. काम जमत नाही म्हणूनच कोच देतात ना?

उत्तर : बढतीच्या वेळी कोच देणं ही या क्षेत्रातली अगदी नेहमीची गोष्ट आहे. ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’ने २००९ मध्ये १४० नामवंत कोचची पाहणी छापली होती. कंपन्या तुम्हाला प्रामुख्याने कशासाठी बोलावतात, या प्रश्नाला ४८ टक्के कोचनी उत्तर दिलं, की होतकरू अधिकाऱ्यांना घडवण्यासाठी किंवा नव्या पदावर रुळायला मदत करण्यासाठी. वरिष्ठांना मोकळेपणी बोलून विचार तपासता यावा म्हणून, असं २६ टक्क्यांनी सांगितलं. करिअरला मारक ठरणारं वागणं सुधारण्यासाठी बोलावतात, असं म्हणणारे १२ टक्केच होते.

तरीही पहिल्यांदा मनाला लागतंच. एरिक श्मिट गूगलमध्ये सीईओ म्हणून आले तेव्हा, २००१ मध्ये, संचालक मंडळावरच्या जॉन डोअर यांनी त्यांना कोच घ्या असं सुचवलं. श्मिट यांना ते खटकलं. मी इतका अनुभवी, मग माझं काही चुकतंय का, हाच प्रश्न त्यांच्याही मनात आला. पुढे त्यांनी बिल कॅम्पबेल या कोचसोबत अनेक वर्षं काम केलं आणि ‘कोच घ्या’ हाच आपल्याला मिळालेला सर्वांत चांगला सल्ला होता, असं जाहीरपणे सांगितलं.

मात्र तुमची शंका पूर्णपणे निराधार आहे असं आम्ही म्हणणार नाही. काही ठिकाणी एखाद्याला काढायचं आधीच ठरलेलं असतं आणि ‘आम्ही संधी दिली होती’ हे कागदावर यावं म्हणून कोच नेमला जातो. हा कोचिंगचा गैरवापर आहे आणि चांगला कोच असं काम स्वीकारत नाही. तुमच्या बाबतीत काय आहे हे कळायला थेट तुमच्या बॉसलाच तीन गोष्टी विचारा. हे आत्ताच का? सहा महिन्यांनी मी काय वेगळं करताना दिसलो तर तुम्ही समाधानी असाल? आणि बदल दिसला नाही तर पुढे काय? दुसऱ्या प्रश्नाला ठोस उत्तर मिळालं, उदाहरणार्थ ‘तुमच्या गैरहजेरीत तुमच्या टीमने निर्णय घेतलेले मला दिसायला हवेत’, तर निश्चिंत राहा. ‘एकूणच जरा व्यक्तिमत्त्व विकास’ असं गुळमुळीत उत्तर आलं, तर उदाहरण मागा. तारखा घालून दिलेली कामगिरी सुधारण्याची लेखी नोटीस त्याच वेळी चालू असेल, तर कोचिंग हे त्या नोटिशीतलं एक कलम होता कामा नये, हे सुरुवातीलाच लेखी स्पष्ट करून घ्या.

कुजबुजीवर उपाय एकच. आपण कोणत्या एका गोष्टीवर काम करतोय हे सहकाऱ्यांना स्वतःहून सांगा. त्याने चर्चा थांबते, शिवाय तुमच्यातला बदल टिपणारे डोळेही तुम्हाला मिळतात. त्यांची गरज पुढे लागणारच आहे.

प्रश्न : माझी तीन सेशन झाली. कोच फक्त प्रश्न विचारतात. मी अडचण सांगितली की ‘तुम्हाला काय वाटतं?’ असं म्हणतात. उत्तर मलाच शोधायचं असेल तर यांची गरज काय?

उत्तर : इथे दोन गैरसमज एकमेकांत गुंतले आहेत. पहिला म्हणजे कोचने उत्तर द्यायला हवं. दुसरा खुद्द काही कोच लोकांचाच आहे, की कोचने कधीच काही सांगायचं नसतं.

पहिल्याबद्दल आधी. तुमच्या ऑफिसातली माणसं, जुने रुसवेफुगवे, कोणाचा शब्द कुठे चालतो, हे तुम्हाला माहीत असतं. बाहेरच्या माणसाला सेशनमध्ये कळतं ते फार थोडं. त्याने दिलेला सल्ला ऐकताना पटतो आणि सोमवारी तुमच्या परिस्थितीत बसत नाही. म्हणून कोच तुमच्याकडून विचार करवून घेतो. ज्याला तयार सल्ला हवा त्याने सल्लागाराकडे जावं. कंपनीतल्या वाटा कळायला मेंटॉर हवा, ताळेबंद वाचायला शिकायचं तर प्रशिक्षक. कोचचं काम वेगळं आहे. जे करायला हवं हे तुम्हाला बहुतेक वेळा कळतंय, ते तुमच्या हातून का होत नाही हे शोधणं आणि ते होईपर्यंत पाठपुरावा करणं, हे त्याचं काम.

पण नुसते प्रश्न म्हणजेही कोचिंग नव्हे. सर जॉन व्हिटमोर यांनी लोकप्रिय केलेली ‘ग्रो’ पद्धत बहुतेक कोचना ठाऊक असते : आधी ध्येय, मग सध्याची वस्तुस्थिती, मग पर्याय आणि शेवटी निर्धार. साठ मिनिटांचं सेशन साधारण असं चालावं : पहिली दहा मिनिटं मागच्या वेळी ठरलेल्या गोष्टीचं काय झालं यावर, पाच-सात मिनिटं आज काय घेऊन उठायचं हे ठरवण्यात, वीसेक मिनिटं नेमकं काय घडतंय ते खणून काढण्यात, पंधरा मिनिटं पर्यायांवर आणि उरलेला वेळ काय करणार, कधी, कोणासमोर आणि आड काय येईल यावर. बिघडतं ते बहुधा शेवटच्या टप्प्यात. गप्पा रंगतात, वेळ संपतो आणि क्लायंट, म्हणजे कोचिंग घेणारी व्यक्ती, ‘बघतो, प्रयत्न करतो’ म्हणून निघून जाते. ‘मी कामं सोपवायला शिकणार’ हा निर्धार नव्हे. ‘गुरुवारच्या आढाव्यात पहिली पंधरा मिनिटं मी बोलणार नाही, आकडे माझा सहायक मांडेल आणि त्याला मी हे मंगळवारीच सांगेन’ हा निर्धार.

चांगला कोच जे दिसतं ते बोलून दाखवतो. ‘गेल्या वीस मिनिटांत तुम्ही चार वेळा म्हणालात की ते ऐकतच नाहीत. तुम्ही त्यांना काय विचारलंत, हे मात्र एकदाही सांगितलं नाहीत.’ हा सल्ला नव्हे, पण हे ऐकलं की माणूस थबकतो. एखादी माहिती किंवा पद्धत उपयोगी पडणार असेल तर ‘सांगू का?’ असं विचारून तो ती सांगतोही. तीन सेशनमध्ये असं एकही निरीक्षण तुमच्या कानी पडलं नसेल आणि वहीत एकही तारखेसहित निर्धार नसेल, तर चौथ्या सेशनच्या सुरुवातीला स्पष्ट सांगा : मला तुमच्या नजरेला काय दिसतं ते ऐकायचं आहे आणि शेवटची दहा मिनिटं पुढच्या कृतीसाठी राखून ठेवायची आहेत. त्यानंतरही फरक पडला नाही तर कोच बदलून मागा. त्यात कोणाचाही अपमान नाही.

प्रश्न : मी एचआर विभागाची प्रमुख आहे. कोचची फी आम्ही भरतो, पण सेशनमध्ये काय झालं विचारलं की ‘गोपनीय आहे’ असं उत्तर मिळतं. पैसे देणाऱ्याला काहीच कळू नये का?

उत्तर : कळायला हवं. पण सेशनमधलं बोलणं नव्हे. हा फरक आधी कागदावर न उतरल्यामुळे जितकी कोचिंगची कामं बिघडतात, तितकी दुसऱ्या कशाने बिघडत नसावीत, असं आमचं मत आहे.

या कामात तीन पक्ष असतात : पैसे देणारी संस्था, कोचिंग घेणारी व्यक्ती आणि कोच. तिघांची बैठक पहिल्या एक-दोन सेशननंतर व्हायला हवी. तिथे व्यक्तीचा बॉस असलाच पाहिजे. एचआरचा प्रतिनिधी असला तर उत्तम. एक ते तीन उद्दिष्टं ठरतात आणि ती अशा भाषेत लिहिली जातात की त्रयस्थालाही फरक ओळखता येईल. ‘नेतृत्वगुण वाढवणे’ हे उद्दिष्ट नाही. ‘इतर विभागांशी मतभेद झाल्यास वर तक्रार नेण्याआधी समोरच्या प्रमुखाशी स्वतः बोलणे’ हे आहे.

संस्थेला मिळतं ते एवढं : ठरलेली उद्दिष्टं, किती सेशन झाली आणि किती रद्द झाली, मध्यावर व शेवटी होणाऱ्या तिघांच्या बैठका आणि शेवटी आजूबाजूच्या लोकांना बदल दिसला का याचं मोजमाप. प्रगती कशी आहे हे त्या बैठकीत क्लायंट स्वतः सांगतो, कोच त्याच्या वतीने बोलत नाही. संस्थेला मिळत नाही ते म्हणजे कोण कोणाबद्दल काय म्हणालं, नोकरी सोडायचा विचार आहे का, घरी काय चाललंय, आणि कोचचं त्या व्यक्तीबद्दलचं मत. ‘हा पुढच्या पदाला लायक आहे का?’ असं कोचला विचारूच नये. ते मूल्यमापन आहे. हवं असेल तर दुसऱ्या माणसाकडून, उघडपणे सांगून करून घ्या. अपवादही लिहून ठेवावेत : स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका, गंभीर बेकायदा कृत्य, न्यायालयाचा आदेश. हे अपवाद क्लायंटला पहिल्याच भेटीत सांगितलेले असावेत.

हे एवढं काटेकोर का? सेशनमधलं एक वाक्य जरी कॉरिडॉरमध्ये ऐकू आलं, तरी त्या संस्थेतला कुणीही पुन्हा कोचशी खरं बोलत नाही. सेशन होत राहतात, बिलं निघत राहतात, बोलणं मात्र सभ्य आणि पोकळ होत जातं. याच कारणासाठी बॉस आणि त्याच्याच हाताखालचा अधिकारी या दोघांना एकच कोच देऊ नका. कोच कितीही सचोटीचा असला तरी एकाकडून ऐकलेलं विसरून दुसऱ्याचं ऐकणं त्याला अवघड जातं, आणि दोघांच्याही मनात शंका राहतेच.

प्रश्न : आमचा व्यवसाय औषधनिर्मितीचा. नेमलेल्या कोचने या क्षेत्रात एक दिवसही काम केलेलं नाही. उपयोग होईल?

उत्तर : होईल, जर तुमचा विषय माणसांशी वागण्याचा, निर्णय घेण्याचा किंवा वेळेच्या वाटणीचा असेल. कोचला मोठ्या संस्था कशा चालतात, अधिकाराची उतरंड काय असते, संचालक मंडळापुढे उभं राहण्याचा ताण काय असतो, हे माहीत असायला हवं. औषधाचं सूत्र नव्हे. उलट त्याच क्षेत्रातून आलेला माणूस ‘आमच्याकडे आम्ही असं करायचो’ यावर फार लवकर घसरतो. तुमचा प्रश्न परवानग्यांचा किंवा उत्पादनाचा असेल तर मात्र तुम्हाला सल्लागार हवा आहे.

प्रश्न : कोच निवडताना प्रमाणपत्राला किती महत्त्व द्यावं? सगळेच स्वतःला प्रमाणित म्हणवतात.

उत्तर : ‘कोच’ हे बिरुद बहुतेक ठिकाणी कोणीही लावू शकतो, डॉक्टर किंवा वकिलासारखा परवाना लागत नाही. म्हणून प्रमाणपत्र पाहावं, पण कशाचं ते समजून. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनच्या, म्हणजे आयसीएफच्या, तीन पायऱ्या सर्वाधिक प्रचलित आहेत. पहिली पायरी एसीसी, तिच्यासाठी किमान ६० तासांचं शिक्षण आणि १०० तासांचा कोचिंगचा अनुभव लागतो. दुसऱ्या, पीसीसीसाठी १२५ तास शिक्षण व ५०० तास अनुभव, तिसऱ्या, एमसीसीसाठी २०० तास शिक्षण व २,५०० तास अनुभव. दर तीन वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. तेव्हा ‘प्रमाणित आहे’ यावर थांबू नका. कोणाकडून, कोणती पायरी आणि मुदत चालू आहे का, हे विचारा. दोन दिवसांच्या शिबिराचं प्रशस्तिपत्र ही वेगळी गोष्ट आहे.

प्रमाणपत्र ही चाळणी आहे, निवड नव्हे. दोन किंवा तीन कोचशी प्रत्येकी अर्धा तास बोला आणि शेवटचा शब्द ज्याला कोचिंग घ्यायचं आहे त्याचाच असू द्या. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात २७ नमुन्यांची आकडेवारी तपासली गेली. कोच आणि क्लायंट यांच्यातलं नातं जितकं चांगलं, तितके कोचिंगचे परिणाम चांगले, असा संबंध त्यात स्पष्ट दिसला. मात्र नातं चांगलं असणं म्हणजे गोड बोलणं नव्हे. त्या अर्ध्या तासात आपल्या अडचणीचं एक खरं उदाहरण मांडा आणि पाहा : कोच तुमचं ऐकतोय की स्वतःचे मोठे क्लायंट मोजून दाखवतोय? तुम्ही ज्याचा विचार केला नव्हता असं एक तरी काही त्याने विचारलं का? मग दोन गोष्टी विचारा. तुम्ही कोणती कामं नाकारता? आणि तुमच्या कामावर अनुभवी व्यक्तीचं मार्गदर्शन, म्हणजे सुपरव्हिजन, नियमित घेता का? पहिल्याला उत्तर नसेल तर तो कोच येईल ते काम घेतो.

प्रश्न : कोचने आधी थ्री-सिक्स्टी, म्हणजे बॉस, बरोबरीचे आणि हाताखालचे अशा सगळ्यांकडून फीडबॅक, करू असं सांगितलं आहे. वीस जणांना प्रश्नावली जाणार. जितका जास्त फीडबॅक तितका फायदा जास्त, हे खरं का?

उत्तर : नाही, आणि हा समज खूप नुकसान करतो. क्लुगर आणि डेनिसी या संशोधकांनी १९९६ मध्ये फीडबॅकवरचे शेकडो निष्कर्ष एकत्र तपासले. सरासरीने कामगिरी सुधारली होती, पण एक तृतीयांशाहून जास्त प्रकरणांत ती फीडबॅकनंतर घसरली होती. फीडबॅक कामाकडून माणसाच्या ‘मी कसा आहे’ या प्रश्नाकडे वळला की परिणाम उतरतो, असं त्यांचं स्पष्टीकरण आहे. जोन्स, वुड्स आणि गियोम यांनी २०१६ मध्ये कामाच्या ठिकाणच्या कोचिंगचे १७ अभ्यास एकत्र पाहिले. त्यात थ्री-सिक्स्टीसारखा बहुस्तरीय फीडबॅक न जोडलेल्या कोचिंगचा परिणाम जास्त दिसला. अभ्यासांची संख्या थोडी आहे, त्यामुळे थ्री-सिक्स्टी टाकूनच द्या असं आम्ही म्हणत नाही. ती जपून वापरावी.

वीस प्रश्नावल्यांपेक्षा सहा ते दहा जणांच्या प्रत्यक्ष मुलाखती बऱ्या. कोचने स्वतः, प्रत्येकी तीसेक मिनिटं घ्याव्यात. यादीत बॉस, बरोबरीचे आणि हाताखालचे तिन्ही हवेत, आणि ज्यांच्याशी जमत नाही असे एक-दोघे मुद्दाम. ती यादी क्लायंटने करावी, बॉसने पाहावी. प्रश्न तीनच पुरतात : ही व्यक्ती काय चांगलं करते, काय केल्याने तिचं नुकसान होतं आणि कोणती एक गोष्ट बदलली तर सर्वांत जास्त फरक पडेल. एखाद्या गटात तीनपेक्षा कमी माणसं असतील तर त्या गटाचे वेगळे आकडे किंवा उद्गार देऊ नयेत. नावं लगेच ओळखू येतात.

अहवाल ईमेलने पाठवायचा नाही. कोचने समोर बसून, किमान नव्वद मिनिटं हाताशी ठेवून, वाचायला द्यायचा. शुक्रवारी संध्याकाळी तर मुळीच नाही; माणूस दोन दिवस एकटाच एका वाक्याभोवती फिरत राहतो. नेहमी होणारी चूक म्हणजे ‘हे कोण म्हणालं असेल’ याचा शोध. तो सुरू झाला की अहवालाचा उपयोग संपला. वाचून झाल्यावर एक, फार तर दोन वागणुकी निवडा. मग ज्यांनी वेळ दिला त्यांना भेटून आभार माना, काय निवडलं ते सांगा आणि पुढे काय करता येईल याच्या दोन सूचना मागा. नामवंत कोच मार्शल गोल्डस्मिथ हे भविष्याकडे पाहणारं सूचना मागणं फार आग्रहाने शिकवतात. त्यात एक नियम आहे : सूचना ऐकून फक्त ‘धन्यवाद’ म्हणायचं. ‘ते मी आधी करून पाहिलंय’ असं एकदा तोंडातून निघालं, की समोरचा पुढच्या वेळी गप्प राहतो.

प्रश्न : एका संस्थेच्या सादरीकरणात ‘कोचिंगने उत्पादकता ८८ टक्क्यांनी वाढते’ असं लिहिलं होतं. संचालक मंडळाला हा आकडा दाखवावा का?

उत्तर : दाखवू नका. तो आकडा खोटा नाही, पण तो जे सांगत नाही ते त्याच्या तोंडी घातलं जातं. १९९७ मध्ये ऑलिव्हेरो, बेन आणि कोपेलमन यांचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. एका सार्वजनिक संस्थेतल्या ३१ व्यवस्थापकांना आधी प्रशिक्षण आणि नंतर आठ आठवडे कोचिंग मिळालं. नुसत्या प्रशिक्षणाने उत्पादकता २२.४ टक्के वाढली आणि प्रशिक्षण व कोचिंग दोन्ही मिळून ८८ टक्के. तुलनेसाठी कोचिंग न मिळालेला वेगळा गट नव्हता, संस्था एकच होती आणि कोचिंगमध्ये उद्दिष्ट ठरवणं, सराव, पाठपुरावा, वरिष्ठांचा सहभाग आणि शेवटी केलेल्या कामाचं सर्वांसमोर सादरीकरण एवढं सगळं होतं. यावरून कुठल्याही कंपनीला ८८ टक्क्यांचं वचन देता येत नाही.

याचा अर्थ कोचिंगचा परिणाम सिद्धच नाही, असाही नाही. थीबूम आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये १८ अभ्यास एकत्र करून पाहिले. कामगिरी, स्वास्थ्य, ताण हाताळणं, कामाबद्दलचा दृष्टिकोन आणि ध्येयाच्या दिशेने स्वतःला वळवण्याची क्षमता, या सगळ्यांवर चांगला परिणाम आढळला. मंडळाला एवढं सांगा आणि पुढे स्वतःच्या संस्थेत मोजायची पद्धत मांडा.

ती सोपी आहे. उद्दिष्ट ठरलं की त्या व्यक्तीबरोबर रोज काम करणारे सहा ते आठ जण निवडा. तिसऱ्या महिन्यात आणि शेवटी त्यांना दोनच प्रश्न पाठवा : ठरलेल्या या वागणुकीत गेल्या तीन महिन्यांत किती फरक दिसला, उणे ३ ते अधिक ३ यांत सांगा, आणि एकूण परिणामकारकतेत किती. शून्य म्हणजे फरक नाही. उत्तर द्यायला दोन मिनिटं लागतात, त्यामुळे लोक देतात. क्लायंटचा स्वतःचा अंदाज वेगळा घ्या. तो इतरांपेक्षा बराच जास्त असेल तर पुढच्या सेशनचा विषय मिळाला. सोबत कामातला एखादा कोरडा आकडाही ठेवा : टीममधून किती जण सोडून गेले, किती निर्णय वर अडकून राहिले. पण त्या आकड्याचं सगळं श्रेय कोचिंगला देऊ नका. त्याच काळात नवी यंत्रणा आली असेल, बाजार बदलला असेल. सेशन आवडलं का, हा प्रश्न विचारायला हरकत नाही, फक्त त्याला परिणामाचं मोजमाप समजू नका.

प्रश्न : माझ्या सहकाऱ्याला महिनाभर झोप नाही, मीटिंगआधी हात थरथरतात, कशातच रस वाटत नाही. कंपनीने कोच दिलाय, तेवढं पुरे ना?

उत्तर : नाही. त्यांना आधी डॉक्टरकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या, आणि ते लवकर करा. दोन आठवड्यांहून जास्त टिकणारी उदासी, झोप किंवा भूक उडणं, घाबरण्याचे झटके, व्यसन वाढणं यांवर कोचिंग हा उपचार नाही. जगण्यात अर्थ नाही असं कोणी बोलून दाखवलं तर सेशनची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी मदत घ्यायची.

हा गैरसमज पसरण्याचं कारण समजण्यासारखं आहे. कोच म्हटलं की लाज वाटत नाही, थेरपी म्हटलं की वाटते, म्हणून माणसं थेरपीची गरज कोचिंगच्या नावाखाली भागवू पाहतात. वर उल्लेख केलेल्या २००९ च्या पाहणीत खासगी अडचणींसाठी आम्हाला नेमलं जातं असं म्हणणारे कोच ३ टक्केच होते, पण अशा अडचणींत मदत केल्याचं ७६ टक्क्यांनी सांगितलं. विषय निघतातच. त्यातला कोणता आपल्या कक्षेबाहेर आहे हे कोचला ओळखता यायला हवं. मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन बर्गलास यांनी २००२ मध्येच इशारा दिला होता, की मानसशास्त्राची जाण नसलेला कोच खोल दुखणं वरवरच्या सवयीसारखं हाताळतो आणि ते चिघळवतो. उपचार सुरू झाल्यावर, तज्ज्ञाची संमती असेल तर, कोचिंग समांतर चालू शकतं. दोघांचं काम वेगळं राहील एवढं पाहावं.

प्रश्न : किती सेशन पुरेत? आणि ऑनलाइन चालतं का?

उत्तर : सहसा सहा ते नऊ महिन्यांत आठ ते बारा सेशन होतात, दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने, प्रत्येकी साठ ते नव्वद मिनिटं. २०१६ च्या ज्या विश्लेषणाचा उल्लेख केला, त्यात कालावधीने किंवा प्रत्यक्ष की अंशतः ऑनलाइन याने परिणामात फरक आढळला नाही. तेव्हा ‘वर्षभराचं पॅकेज घ्याच’ या आग्रहाला आधार नाही. अंतर मात्र सांभाळा. आठवड्याला एक ठेवलं तर मधे करून पाहायला प्रसंगच येत नाहीत. महिन्याहून लांबलं तर काय ठरलं होतं तेच आठवत नाही. ऑनलाइन असेल तर दार बंद असलेली खोली हवी. गाडीतून किंवा मोकळ्या ऑफिसात बसून घेतलेलं सेशन वाया जातं. त्याच विश्लेषणात संस्थेतल्याच प्रशिक्षित कोचचा परिणाम बाहेरच्यांपेक्षा जास्त दिसला होता, हेही ध्यानात ठेवावं. फक्त तो कोच क्लायंटच्या अधिकारसाखळीत नसावा.

प्रश्न : माझ्या हाताखालच्या एका अधिकाऱ्याला कोच दिला आहे. तीन महिने झाले, मला काही फरक दिसत नाही. कोच बदलावा का?

उत्तर : आधी एक सांगा : तुम्हाला नेमकं काय खटकतं ते तुम्ही स्वतः त्या अधिकाऱ्याला, तोंडावर, उदाहरणासह सांगितलं आहे का? पुष्कळदा बॉसला जे बोलायला अवघड जातं ते कोचने बोलावं, अशी अपेक्षा असते. कोचला खासगीत ‘त्याला जरा सांगा, तो फार उद्धट आहे’ असं कळवलं जातं. कोच ते सांगू शकत नाही आणि सांगितलं तर विश्वास गमावतो. तुमचं म्हणणं तिघांच्या बैठकीत, त्या अधिकाऱ्यासमोर मांडलं गेलं पाहिजे.

तीन महिन्यांत फरक दिसायला तो दिसेल अशी जागा लागते. त्याने निर्णय खाली सोपवावेत असं उद्दिष्ट असेल आणि तुम्ही प्रत्येक तपशील त्यालाच फोन करून विचारत असाल, तर तो सोपवू शकणार नाही. ही अडचण कोच बदलून सुटत नाही. दर पंधरा दिवसांनी दहा मिनिटं द्या. त्या पंधरवड्यात तुम्ही पाहिलेला एक प्रसंग सांगा : कधी, कोणासमोर, काय वेगळं दिसलं किंवा दिसलं नाही. ‘सुधारणा आहे’ एवढं म्हणून भागत नाही.

आणि ताणाच्या काळात, तिमाही संपताना किंवा मोठा ग्राहक नाराज असताना, जुनी सवय उसळी मारेल हे धरून चाला. अशा एका प्रसंगावरून ‘बघा, काही बदललं नाही’ असा निकाल दिलात तर तो अधिकारी प्रयत्न सोडून देतो. त्याऐवजी दुसऱ्या दिवशी त्याला स्वतःलाच त्या प्रसंगाबद्दल विचारा. त्याला तो आठवत असेल, आपण कुठे घसरलो हे सांगता येत असेल, तर काम चालू आहे. चार-पाच सेशननंतरही तो उद्दिष्ट काय आहे हेच सांगू शकत नसेल, सेशन वारंवार पुढे ढकलत असेल किंवा ‘कंपनीने सांगितलं म्हणून करतोय’ असं म्हणत असेल, तर तिघांची बैठक मध्यावर न ठेवता लगेच बोलवा. उद्दिष्ट बदलायचं, कोच बदलायचा की कोचिंग थांबवायचं, हे तिथे ठरवा. उरलेली सेशन रद्द करण्याची तरतूद करारात आधीपासून असेल, तर हा निर्णय घेणं तिघांनाही सोपं जातं.